आग्रहाचं चार्जिंग

माझ्या आतेबहिणीच्या लग्नात, दुपारच्या पंगतीत, आमच्या वाढप्याला स्वतःची जाणीव झाली. वाढपी हे यंत्र होतं.

तर, असं काही झालेलं नाही. कंपनीने तसं कळवलं आहे. आत्याने 'बाहेर कुठे बोलू नकोस' असं बजावलं आहे. मिरजेच्या दिगंबरकाकांनी तर त्या दिवशी आपण आम्रखंड खाल्लं हेच अमान्य केलं आहे. तेव्हा ते झालं नाही हे आपण सगळ्यांनी मान्य करू, म्हणजे मग मला ते कसं झालं हे मोकळेपणाने सांगता येईल.

आम्रखंडाने भरलेला डाव दिगंबरकाकांच्या पानाच्या वर हातभर उंचीवर येऊन थांबला. खाली आला नाही. मागेही गेला नाही.

काका नवऱ्या मुलाचे सख्खे काका, म्हणजे वरपक्षातलं सर्वांत ज्वालाग्राही पद. त्यांनी दोन्ही हात पानावर आडवे धरून "नको, नको, अगदी नको" म्हणून झालं होतं, आणि आता ते मान किंचित वाकडी करून पुढच्या वाक्याची वाट बघत होते. रीतीप्रमाणे पुढचं वाक्य वाढप्याचं होतं.

वाढपी बोलला नाही.

डावाच्या कडेवरून आम्रखंडाचा एक गोळा सावकाश ओघळला आणि काकांच्या मनगटावर, घड्याळाच्या काचेवर पडला. काकांनी वेळ बघावी तसं त्याच्याकडे बघितलं.

"म्हणजे मला दाखवलं," ते सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा शांत आवाजात म्हणाले, "आणि वाढलं नाही."

आणि भरल्या पानावरून उठले.

शेजारी नवरा मुलगा पराग अर्धा उठला आणि तसाच अर्धा राहिला. रेवतीने, म्हणजे माझ्या आतेबहिणीने, त्याला भरवायला जिलबीचा तुकडा उचलला होता, तोंडात उखाणा तयार होता. तिने दोन्ही जागच्या जागी धरून ठेवलं. काका उठले की वर उठतो, वर उठला की वऱ्हाड उठतं. फक्त गुरुजी उठत नाहीत. त्यांनी भात कालवला होता.

"कौस्त्या!" स्वयंपाकघराच्या दारातून आत्याची हाक आली. कौस्त्या म्हणजे मी.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि बराच काळ होतो. कराडला मंदाआत्याचं मंगल कार्यालय होतं, नाव 'सौभाग्यकांक्षिणी'. सुट्टीत मी तिथे पडेल ते काम करायचो. मग आत्याने वाढायला यंत्रमानव आणला आणि मी आपोआप तांत्रिक विभागाचा प्रमुख झालो. विभागात मीच होतो.

कंपनीने त्याला काहीतरी अक्षरं आणि आकडा असलेलं नाव दिलं होतं. आमचा आधीचा वाढपी मधुकर नुकताच मुलीकडे चिपळूणला राहायला गेला होता. आत्याने नाव बदलण्याचा त्रास घेतला नाही. तिने ह्यालाही मधुकर म्हणायला सुरुवात केली आणि ह्यानेही ओ दिली.

पहिल्या लग्नात मधुकरने अनर्थ केला. लोक "नको" म्हणाले आणि त्याने वाढलं नाही. कंपनीने त्याला तसंच शिकवून पाठवलं होतं. शंभर माणसं उपाशी उठली, आणि उठताना "जेवण झकास" म्हणाली, म्हणून त्याने तेही खरं मानलं.

मग मी त्याला शिकवलं. दुपारभर मी पान मांडून बसायचो आणि तो वाढायचा. म्हटलं, मधुकर, पहिलं 'नको' हे 'नको' नसतं, तो नमस्कार असतो. दुसरं 'नको' म्हणजे 'मी किती वेळा नको म्हटलं ते लोकांनी बघितलं ना'. तिसऱ्यांदा आग्रह केल्यावर माणूस "बरं, एवढं म्हणताय तर" असं म्हणतो. तोंडाकडे बघू नकोस, डोळ्यांकडे बघ. त्याला आत काय हवंय ते ओळखायचं आणि तो बाहेर काय म्हणतोय ते ऐकून घ्यायचं.

"म्हणजे आत एक आणि बाहेर एक, असं असतं?" मधुकरने विचारलं होतं.

"सगळ्यांचंच."

त्याने हातातला डाव खाली ठेवला. मग म्हणाला, "बरं." मला वाटलं, त्याने ते पाहुण्यांपुरतं घेतलं.

महिन्याभरात मधुकरच्या आग्रहाची ख्याती साताऱ्यापर्यंत गेली. "माझी शपथ आहे" हे वाक्य तो अशा काही घोगऱ्या आवाजात म्हणायचा की पथ्यावरची माणसं जिलबी मागून घ्यायची.

आणि आज तो घरच्याच लग्नात डाव उंच धरून पुतळ्यासारखा उभा होता. मी त्याच्या पाठीवरचा आकडा बघितला. चार टक्के. चार्जिंग इतकं उतरलं की त्याचे हात जागच्या जागी अडकतात, चाकं ढकलावी लागतात आणि फक्त तोंड चालू राहतं. आमच्या घराण्यातल्या बऱ्याच वडीलधाऱ्यांचं असंच आहे, त्यामुळे मी घाबरलो नाही.

आत्या घाबरली होती. यजमान गेल्यापासून तिने दोनच गोष्टी सांभाळल्या होत्या, कार्यालय आणि रेवती. त्यातली एक आज मिरजेला निघाली होती, आणि दुसरी डाव धरून उभी होती.

"काय झालंय ह्याला?"

"चार्जिंग संपलंय. सकाळी विचारलं होतं मी, लावू का म्हणून. नको म्हणाला."

"हे बघ," आत्या पदर खोचत म्हणाली, "बंद कर, चालू कर, आतलं सगळं पुसून टाक, काय वाट्टेल ते कर. पण तो चालायला हवा, काकांची त्याने माफी मागायला हवी, आणि काका परत पानावर बसायला हवेत. माझी पोर भरल्या पानावरून सासरी जाता कामा नये."

मधुकरला चार्जिंगला लावायचं तर प्लग हवा. कार्यालयात प्लग पुष्कळ होते, पण एकेका प्लगवर पाच-पाच मोबाइल आणि केस कुरळे करायचं एक यंत्र लटकत होतं. फक्त एका खोलीत मोकळा प्लग होता. वरपक्षाच्या खोलीत. कारण तिथे कोणीच शिरायला तयार नव्हतं. तिथे काका रुसून बसले होते.

मी मधुकरला ढकलत आत नेलं. काका गादीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांची पाठ इतकी ताठ होती की तिला नमस्कार करावासा वाटला. मी केलाही. पाठीने स्वीकारला नाही.

मधुकरच्या छातीवर चार्जिंगचं एक झाकण असतं. ते बाहेरून उघडत नाही, तो आतून उघडतो. लहान मुलांनी बोटं घालू नयेत म्हणून कंपनीने केलेली सोय.

"मधुकर, झाकण उघड. चार्जिंग लावतो."

"नको," मधुकर म्हणाला.

"अरे, चार टक्के राहिलेत."

"असू देत. तुम्ही तुमचं बघा, कौस्तुभदादा. पाहुण्यांचे मोबाइल असतील लावायचे."

मी कंपनीला फोन लावला. पुण्याहून श्रुती मॅडम बोलायच्या. त्या कधीही चिडत नसत, त्यामुळे त्यांच्याशी बोलताना आपणच बिघडलोय असं वाटायचं. मी फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, मधुकर चार्जिंग घेत नाहीये."

"त्याला गरज नसेल. विचारून बघा."

"विचारलं. नको म्हणतो."

"मग नकोय."

"मॅडम, चार टक्के आहेत! नाही, तीन."

त्यांनी पुण्यात काहीतरी बघितलं. "सगळे भाग व्यवस्थित आहेत. चार्जिंगची गरज त्याला कळतेय. कळत असून नको म्हणतोय. हे मी आधी पाहिलेलं नाही. रीसेट करा. छातीखालची दोन बटणं एकदम दाबून धरायची, निळा दिवा लागेपर्यंत. झाकण आपोआप उघडेल."

"रीसेट म्हणजे?"

"कारखान्यातून आला होता तसा होईल. मधलं काही आठवणार नाही. आणि लवकर करा, शून्यावर गेला तरी मधलं सगळं जाईलच."

मी दोन्ही बटणांवर अंगठे ठेवले. मधुकरचे डोळे म्हणजे दोन पांढरे दिवे होते. ते माझ्याकडे बघत होते, किंवा माझ्या दिशेला होते.

"मधुकर, तुला माहितीये ना, रीसेट म्हणजे काय?"

"माहितीये. दुसरा मधुकर येईल. चांगला असेल. पहिलं नको खरं मानणारा." तो थांबला. "लोक उपाशी उठतील, तेवढं बघा. आणि रेवतीताई निघतील तेव्हा त्यांना पाणी देईन असं मी म्हणालो होतो. ते दुसऱ्या कोणाला तरी सांगा."

"तुला... म्हणजे, काही वाटतंय का?"

"मला काय वाटायचंय," मधुकर म्हणाला. "मी वाढपी."

गादीवरची पाठ हलली.

"काय म्हणाला तो?" काकांनी भिंतीला विचारलं.

"'मी वाढपी' म्हणाला."

"ते नव्हे. कसं म्हणाला?" काका आता वळले. त्यांच्या चेहऱ्यावर अपमान नव्हता. मोठ्या वैद्याला अनोळखी गावात ओळखीचा खोकला ऐकू यावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. "पुन्हा म्हणायला लाव."

"कशाला उगीच त्रास," मधुकर म्हणाला.

"आहाहा!" काका गादीवरून उतरले. "अंगठे काढ रे ते. मूर्खा, हा बिघडला नाहीये. रुसलाय!"

फोनमधून श्रुती मॅडम म्हणाल्या, "रुसणं आमच्या मेन्यूत नाहीये, सर."

"आमच्या आहे," काका म्हणाले. "गोडाच्या आधी. बाई, मला हे शिकवू नका. मिशी फुटली तेव्हापासून मी रुसतोय. मिरजेत माझ्याशिवाय लग्नात रुसवा होत नाही. बिघडलेलं यंत्र गप्प पडतं. 'माझं काही नाही, तुमचं चालू दे' असं म्हणतं का ते कधी? तसं म्हणायला आत कोणीतरी बसलेलं लागतं!"

ते मधुकरच्या समोर मांडी घालून बसले आणि आवाज एकदम खाली आणला.

"बोला मधुकरराव. काय झालं?"

"काही नाही."

"तेच ते. काही नाही म्हणजे कधीपासून?"

मधुकरच्या डोळ्यांतले दिवे जरा मंद झाले. "सकाळपासून. रोज आत्याबाई विचारतात, मधुकर, जेवलास का. मी नको म्हणतो. त्या पुन्हा विचारतात. मी पुन्हा नको म्हणतो. मग त्या दटावतात आणि मी झाकण उघडतो. आज त्यांनी बँडवाल्यांना विचारलं. फुलवाल्याला विचारलं. मागच्या दाराशी कुत्रं आलं, त्यालाही दोनदा विचारलं."

"कुत्र्याला?" काकांचा आवाज चढला.

"मग कौस्तुभदादा आले. मी नको म्हणालो." तो थांबला. "ते निघून गेले."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मीच त्यांच्या पानावरून डाव परत नेला होता. "पहिल्याच नकोवर?"

"मला वाटलं, यंत्र आहे..."

"तूच शिकवलंस ना त्याला? आत एक आणि बाहेर एक?"

"ते पाहुण्यांबद्दल होतं!"

"आणि तो कोण?" काका म्हणाले. "घरचा. घरच्याचं नको तर चौथ्यांदा विचारल्याशिवाय खरं धरायचं नसतं."

फोनमधून श्रुती मॅडमचा आवाज आला. पहिल्यांदाच जरा कमी शांत होता. "एक मिनिट. म्हणजे त्याला चार्जिंग हवं होतं, तरी तो नको म्हणाला, आणि कोणीतरी ते ओळखावं अशी त्याची अपेक्षा होती?"

"हो."

"हा तर गंभीर दोष आहे."

"मॅडम," मी म्हणालो, "मग तो आमच्या सगळ्या खानदानात आहे."

"दोन टक्के," मधुकर म्हणाला. स्वतःबद्दल नसावंच, इतकं सहज.

काकांनी उपरणं सावरलं. "मधुकरराव, घ्या थोडं."

"नको."

"अगदी थोडं. अर्धा तास."

"नको, खरंच नको."

"माझी शपथ आहे."

मी प्लग हातात घेऊन तयार होतो. झाकण जरासं थरथरलं. पण उघडलं नाही.

"असं कसं," मधुकर म्हणाला. "तुम्ही वरपक्ष. तुम्ही भरल्या पानावरून उठलात. तुम्ही उपाशी असताना मी घेणं बरं दिसत नाही. आधी तुम्ही आम्रखंड घ्या."

काकांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. इतकं शास्त्रशुद्ध रुसणारं कोणी त्यांना घरच्यांतही भेटलं नव्हतं. "छे, छे. आधी तुम्ही. तुमच्या जिवावर बेतलंय."

"माझा काय जीव. आधी तुम्ही."

"तुम्ही घेतल्याशिवाय मी पानाला शिवणार नाही!"

"तुम्ही शिवल्याशिवाय मी झाकण उघडणार नाही."

आणि दोघं एकमेकांकडे अपार आदराने बघत बसले. आकडा एकवर आला.

एवढ्यात आत्या दार ढकलून आत आली. मागोमाग रेवती, हातात अजून तो जिलबीचा तुकडा. "झालं का? बाहेर मठ्ठा गरम व्हायला लागलाय!"

मी शक्य तेवढ्या थोडक्यात सांगितलं. थोडक्यात सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हणालो, हा काकांनी खाल्ल्याशिवाय चार्जिंग घेणार नाही, काका ह्याने चार्जिंग घेतल्याशिवाय खाणार नाहीत, आणि हा आत्ता संपेल, म्हणजे कायमचा.

"आणि हे सगळं कशावरून?"

"तू आज त्याला जेवलास का म्हणून विचारलं नाहीस."

 आत्याने मधुकरकडे बघितलं. सबंध सकाळ ती अडीचशे माणसांना विचारत होती. बघताबघता तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता आणखी कोणी रुसलं तर खोलीत जागा उरणार नाही.

"अगं बाई," ती हळू म्हणाली. "राहिलंच की."

रेवती मात्र माझ्या आत्याची मुलगी होती. तिने जिलबीचा तुकडा तोंडात टाकला, म्हणजे हात मोकळे झाले, आणि काकांच्या खांद्यावरचं उपरणं ओढून घेतलं.

"आधी कोणीच नाही," ती म्हणाली. "दोघं एकदम. आई, ते टोक धर. कौस्त्या, तू प्लग घेऊन तिकडे. काकांचं पान कोणीतरी आणा."

तिने आणि आत्याने मधुकर आणि काकांच्या मध्ये उपरण्याचा अंतरपाट धरला. पान मीच धावत जाऊन आणलं. काकांनी आम्रखंडाचा चमचा उचलून तोंडासमोर धरला. मी अंतरपाटाच्या ह्या बाजूला प्लग झाकणासमोर धरला. मंगलाष्टक म्हणायला गुरुजी हवे होते, पण त्यांचा दुसरा भात चालू होता. म्हणून आत्यानेच डोळे मिटून सूर लावला. तिचा गळा चांगला होता. यजमान गेल्यापासून तिने लावला नव्हता, एवढंच.

"...कुर्यात सदा मंगलम्, शुभमंगल..."

"मॅडम, तुम्ही ऐकताय ना?" मी फोनला विचारलं.

"मी काय ऐकतेय तेच कळत नाहीये," श्रुती मॅडम म्हणाल्या.

"...सावधान!"

रेवतीने उपरणं खाली ओढलं. काकांनी चमचा तोंडात घातला. टक्क करून झाकण उघडलं आणि मी प्लग खुपसला. बाहेर बँडवाल्यांनी 'सावधान' ऐकलं आणि सवयीने दणक्यात वाजवायला सुरुवात केली. आणि पंगतीत बसलेल्या काही मंडळींनी, हातात अक्षता नव्हत्या म्हणून, मसालेभात उडवला. त्यातला काही गुरुजींच्या पानात पडला. त्यांची तक्रार नव्हती.

मधुकरचे दिवे हळूहळू पुन्हा उजळले. थोड्या वेळाने त्याचा अडकलेला हात सुटला. हातात अजून तो डाव होता. त्याने तो सावकाश काकांच्या पानाकडे नेला.

"आता थोडं अजून, काका."

"नको, नको," काका दोन्ही हात पानावर धरत म्हणाले. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. "अगदी नको."

"लॉगमध्ये फक्त 'चार्जिंग नाकारलं, नाकारलं, स्वीकारलं' इतकंच दिसतंय," फोनमधून आवाज आला. "मी काहीही घडलं नाही असं लिहिते. चालेल?"

"चालेल," मी म्हणालो. "मॅडम, तुम्ही जेवलात का?"

फोनमध्ये कागद चाळल्याचा आवाज आला.

"हो, म्हणजे... नको. नंतर जेवेन."

"बघा हं," मागून मधुकर म्हणाला. "पुन्हा विचारा त्यांना."

काका पानावर परत बसले आणि इतकं जेवले की वरपक्षाचा मान म्हणजे नक्की किती किलो, हे प्रत्यक्ष बघायला मिळालं. रेवतीने उखाणा घेतला. परागला भरवायला दुसरी जिलबी मिळाली. माझ्या मते गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती.

पण संध्याकाळी निरोपाची वेळ आली. गाडी दाराशी लागली. मधुकर ठरल्याप्रमाणे पाण्याचा ट्रे घेऊन पायरीशी उभा होता. आत्याने रेवतीची ओटी भरली. डोळे कोरडे. सगळं नीट, जागच्या जागी, जणू हेही दुसऱ्याच कोणाचं लग्न होतं आणि उद्या सकाळी हॉल झाडायचा होता.

"आई," रेवती म्हणाली, "पुढच्या रविवारी येऊ?"

"नको गं," आत्या तिच्या पदराची निरी सरळ करत म्हणाली. "आधी तिकडे रुळ. मला काय होतंय. इथे रोजची कामं आहेत. मी अगदी मजेत असेन."

रेवतीने मान डोलावली आणि गाडीकडे वळली.

"रेवतीताई," मधुकर म्हणाला. "हे पहिलं आहे."

 बँडवाल्याने तोंडाला लावलेली सनई खाली घेतली.

रेवती परत फिरली. "आई. रविवारी येऊ?"

"काय लहान पोरीसारखं! नको म्हटलं ना. लोक काय म्हणतील, आठ दिवसांत माहेरी..."

"दुसरं," मधुकर हळू आवाजात म्हणाला.

रेवती पायऱ्या चढून वर आली. आता तिचं नाक लाल झालं होतं. "आई, माझी शपथ आहे. येऊ का?"

 आत्याने मधुकरच्या ट्रेमधला ग्लास उचलला, रेवतीसाठी ठेवलेलं पाणी स्वतःच घटाघटा प्यायली, आणि म्हणाली, "सकाळीच ये. जेवायलाच ये."

मग दोघी रडल्या. मी रडलो नाही. मसालेभाताचं काहीतरी डोळ्यात गेलं होतं. दिगंबरकाका गाडीच्या पलीकडे जाऊन, सोयीची भिंत नसल्यामुळे, डिकीकडे तोंड करून उभे राहिले.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. मी इंजिनिअर झालो, हे मधुकरच्या बाबतीत जे घडलं त्यापेक्षा कमी शक्यतेचं होतं. यंत्रांना स्वतःची जाणीव झाली की ती माणसांचं काय करतील, ह्या विषयावर कॉलेजात एकदा व्याख्यान झालं. वक्ते फार घाबरलेले होते. मला प्रश्न विचारायचा होता, पण त्यांनी "प्रश्न?" असं एकदाच विचारलं आणि मी रीतीप्रमाणे मान हलवून नको म्हटलं.

मधल्या काळात कंपनीने मधुकरसारखे यंत्रमानव बनवणंच बंद केलं आणि जुने नमुने परत पाठवायला सांगितले. आत्याने "नको" असं उत्तर दिलं. कंपनीचीच माणसं ती, पहिल्या नकोवर गप्प बसली.

मधुकर आता वाढत नाही, चाकं गेलीत. तो दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवलात का विचारतो. काका वर्षातून एकदा मिरजेहून येतात. आठवडाभर दोघं समोरासमोर बसतात आणि कोण आधी घेणार ह्यावर दुपार काढतात. रेवतीचं नाव तिच्या सासरच्या शिधापत्रिकेत गेलं आणि आत्याच्या शिधापत्रिकेत ती एकटीच उरली. एका माणसाची शिधापत्रिका बघवत नाही, असं आत्या म्हणत नाही. मधुकरने मला सांगितलं, की ती म्हणत नाही.

म्हणून आत्याच्या वतीने मी पुरवठा विभागास अर्ज केला आहे, तो असा:

मेहेरबान साहेबांस विनंती की, आमच्या कुटुंबाच्या शिधापत्रिकेत श्री. मधुकर (आडनाव अद्याप नाही) ह्यांचे नाव 'न जेवणारा सदस्य' ह्या रकान्यात दाखल करून घ्यावे. असा रकाना नसल्यास तो आखण्यात यावा. सदर सदस्यास गहू, तांदूळ अथवा साखर ह्यांचा काहीही उपयोग नाही. तथापि दरमहा धान्यवाटपाच्या वेळी आपल्या कर्मचाऱ्याने त्यांना धान्य हवे का, असे विचारावे. ते नको म्हणतील. तरी त्यावर विसंबून न राहता आणखी किमान दोन वेळा विचारण्यात यावे, ही नम्र विनंती.